बेट भाड्याचे, पाणी सर्वांचे : फिनलंडमधील सायमा सरोवरावरील कुटी-निवास आणि मासेमारीची व्यवस्था

सारांश : दूरच्या एखाद्या बेटावरील लाकडी कुटी आठवडाभर भाड्याने घेऊन मासेमारी करणे, हा उत्तर युरोपातील पर्यटनाचा एक लोकप्रिय प्रकार आहे. जाहिरातींमध्ये अशा बेटाचे वर्णन ‘खासगी बेट’ असे केले जाते. मात्र भाडेकरूच्या हाती नेमके काय येते आणि काय येत नाही, याचा विचार फारसा केला जात नाही. प्रस्तुत लेखात फिनलंडमधील सायमा सरोवराचे उदाहरण घेऊन कुटी-संस्कृती, पाण्याची सामाईक मालकी, मासेमारीचे नियम, तसेच यार्विलोही हा मासा आणि सायमा सील या दोन संकटग्रस्त जीवांचे संरक्षण यांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : सायमा सरोवर, म्योक्की, सामाईक मालकी, प्रत्येकाचा हक्क, यार्विलोही, सायमा सील.

१. प्रस्तावना

मनुष्याला समाज जितका हवा असतो तितकाच अधूनमधून एकांतही हवा असतो. औद्योगिक समाजात हा एकांत विकत किंवा भाड्याने घ्यावा लागतो, ही विसाव्या शतकाची देणगी होय. चहूबाजूंनी पाणी, मध्ये झाडांनी वेढलेले छोटेसे बेट, त्यावर एक लाकडी कुटी, धक्क्याला बांधलेली वल्ह्यांची होडी आणि हातात गळ, हे चित्र आज जगभरातील पर्यटकांना आकर्षित करते. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकऱ्यांच्या निमित्ताने हेलसिंकी व एस्पो या शहरांत वास्तव्यास गेलेल्या मराठी कुटुंबांनाही हे चित्र आता अपरिचित राहिलेले नाही.

अशा बेटाचे भाडे भरणाऱ्याच्या मनात साहजिकच एक समजूत निर्माण होते. बेट आपले, म्हणजे भोवतालचे पाणी आपले, आणि पाणी आपले म्हणजे त्यातील मासेही आपलेच, अशी ती समजूत असते. फिनलंडच्या संदर्भात या समजुतीच्या तीनही पायऱ्या तपासून पाहाव्या लागतात. बेटावरील आपला अधिकार मर्यादित असतो, पाण्यावरील मालकी बहुधा एखाद्या गावाच्या सामाईक संस्थेची असते आणि काही मासे तर कोणाचेच नसतात. ते गळाला लागले तरी पाण्यात परत सोडावे लागतात. ही व्यवस्था कशी उभी राहिली आणि ती का टिकवावी लागते, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. सायमा सरोवर : भौगोलिक पार्श्वभूमी

फिनलंडला ‘हजार सरोवरांचा देश’ म्हटले जाते, परंतु हे वर्णन वस्तुस्थितीपेक्षा फारच कमी आहे. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जलाशयांची गणना केली असता त्या देशात १,८७,८८८ सरोवरे आढळतात. त्यांपैकी आग्नेय भागातील सायमा हे सर्वांत मोठे सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर असून त्यात सुमारे १४,००० बेटे आहेत. लाडोगा, ओनेगा आणि व्हेनेर्न यांच्यानंतर युरोपातील नैसर्गिक गोड्या पाण्याच्या सरोवरांत त्याचा चौथा क्रमांक लागतो.

या सरोवराचा जन्म हिमयुगाच्या अखेरीस झाला. बर्फाचे प्रचंड थर मागे सरकत असताना त्यांनी खडक खरवडून खोलगट भाग निर्माण केले आणि वाळू-गोट्यांचे लांबलचक बांध मागे सोडले. साल्पाउसेल्का या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बांधांमुळे दक्षिणेकडे पाणी अडले. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी हे पाणी बांध फोडून बाहेर पडले आणि वुओक्सी नदी उगम पावली. आजही सायमाचे पाणी इमात्रा शहराजवळून वुओक्सीमार्गे रशियातील लाडोगा सरोवरास मिळते.

सायमा म्हणजे एकसंध पाण्याचा विस्तार नव्हे. हाउकिवेसी, पिह्लाजावेसी, पुरुवेसी अशा अनेक पात्रांची ती अरुंद सामुद्रधुनींनी जोडलेली साखळी आहे. बेटांच्या आडोशाचे शांत पाणी ओलांडले की एकाएकी मोकळा, वारा खाणारा विस्तार लागतो. त्याला फिनिश भाषेत ‘सेल्का’ म्हणतात आणि या शब्दाचा मूळ अर्थ ‘पाठ’ असा आहे. याच जलमार्गांच्या संगमावर साव्होनलिन्ना हे नगर वसले असून तेथील ओलाव्हिनलिन्ना या किल्ल्याचे बांधकाम १४७५ मध्ये सुरू झाले. लिन्नान्सारी (१९५६) आणि कोलोव्हेसी (१९९०) ही दोन राष्ट्रीय उद्यानेही याच सरोवरात आहेत.

३. म्योक्की : कुटी-संस्कृती आणि भाड्याचा व्यवहार

उन्हाळी कुटीला फिनिश भाषेत ‘म्योक्की’ असे म्हणतात. सुमारे ५६ लाख लोकसंख्येच्या या देशात अशा कुट्यांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे. ही केवळ श्रीमंतांची चैन नाही, हे या आकड्यावरून सहज लक्षात येते. शहरात सदनिकेत राहणारे कुटुंब जूनअखेरीस येणाऱ्या युहान्नुस या मध्य-ग्रीष्म सणाला म्योक्कीवर जाते, लाकडे फोडते, सौना तापवते आणि सरोवरात डुंबते. फिनलंडच्या सौना-संस्कृतीचा समावेश युनेस्कोने २०२० मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

ज्यांची स्वतःची कुटी नाही, त्यांच्यासाठी भाड्याची कुटी उपलब्ध असते. उन्हाळ्यात हा व्यवहार प्रायः शनिवार ते शनिवार अशा आठवड्याच्या हिशेबाने होतो. जळाऊ लाकूड व वल्ह्यांची होडी बहुधा भाड्यात समाविष्ट असतात. चादरी-टॉवेल मात्र अनेकदा स्वतः न्यावे लागतात आणि निघताना कुटी झाडून-पुसून परत करावी लागते किंवा त्याचे वेगळे शुल्क भरावे लागते. येथे पाहुण्याने घरच्या माणसासारखे वागावे, अशी अपेक्षा असते.

बेटावरील कुटीत सुखसोयी कमी असतात. अनेक कुट्यांत नळाचे पाणी नसते. पिण्याचे पाणी किनाऱ्यावरून कॅनमध्ये भरून न्यावे लागते. विजेऐवजी सौरफलक आणि स्वयंपाकासाठी गॅस किंवा लाकडाची चूल असते. शौचालय कुटीपासून थोडे दूर, पाण्याविना चालणारे असते. त्यात वापरानंतर लाकडाचा भुसा किंवा पीट टाकावे लागते. भांड्यांचे वा अंघोळीचे साबणयुक्त पाणी सरोवरात न सोडता जमिनीत जिरवावे लागते. हे सारे गैरसोयीचे वाटले, तरी त्यामागे एक साधा हिशेब आहे. सायमाची सरासरी खोली सुमारे १२ मीटर इतकीच आहे. हजारो कुट्यांचे सांडपाणी अशा उथळ सरोवरात गेले, तर ज्या स्वच्छ पाण्यासाठी पर्यटक तेथे येतो तेच पाणी उरणार नाही.

भाडे आणि खरेदी यांत कायद्याने मोठा फरक केला आहे. १ जानेवारी २०२० पासून युरोपीय संघ व युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील व्यक्तीला फिनलंडमध्ये स्थावर मालमत्ता विकत घेण्यासाठी संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते. सुट्टीसाठी आठवडाभर कुटी घेणाऱ्याला ही अट लागू होत नाही. बेट काही दिवस वापरता येते; त्याचे स्वामी होणे ही निराळी गोष्ट आहे.

४. पाण्याची मालकी : एक ऐतिहासिक वारसा

या विषयाचा गाभा पाण्याच्या मालकीत आहे. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्याचा भाग होता. स्वीडिश राजवटीत १७५७ पासून ‘इसोयाको’ म्हणजे ‘महावाटणी’ या नावाने ओळखली जाणारी भूमिसुधारणा सुरू झाली आणि ती प्रदेशपरत्वे पुढे दीर्घकाळ चालली. तोवर गावाची शेते अनेक अरुंद पट्ट्यांत विखुरलेली होती आणि जंगल सामाईक होते. महावाटणीने शेते एकत्र केली, जंगलही घराघरांत वाटून दिले. परंतु पाणी मात्र बहुतेक ठिकाणी वाटले गेले नाही. शेताला बांध घालता येतो. पोहत जाणाऱ्या माशाला बांध कोण घालणार?

परिणामी गावासमोरील पाणी त्या गावातील जमीनधारकांच्या सामाईक मालकीत राहिले. ही मालकी सांभाळणाऱ्या संस्थेला ‘ओसाकासकुन्ता’ म्हणजे भागधारकांची मंडळी असे म्हणतात. सामाईक क्षेत्रांविषयीच्या १९८९ च्या कायद्यानुसार तिचा कारभार चालतो. आपल्याकडील वाचकाला ‘गावकी’ किंवा गोव्यातील गावकारी पद्धत आठवली, तर ही कल्पना समजण्यास सोपी जाईल. जमिनीच्या तुकड्यासोबत पाण्यातील वाटा येतो, पण तो वाटा म्हणजे पाण्याचा एखादा निश्चित तुकडा नसतो. सामाईक पाण्याच्या उपयोगात आणि निर्णयात असलेला तो सहभाग असतो.

याचा भाडेकरूशी थेट संबंध येतो. बेटाच्या मालकाला ओसाकासकुन्तात वाटा असू शकतो आणि त्या आधारे त्याला जाळे लावण्याचा अधिकारही असू शकतो. पण कुटीची किल्ली हाती दिल्याने तो अधिकार आपोआप भाडेकरूकडे जात नाही. धक्क्याजवळच्या खोपटात जाळे टांगलेले दिसले म्हणून ते पाण्यात सोडण्याची मुभा मिळत नाही. त्यासाठी संस्थेच्या नियमांनुसार परवानगी आहे किंवा नाही, हे मालकाकडून आधीच स्पष्ट करून घ्यावे लागते.

५. प्रत्येकाचा हक्क आणि ‘खासगी’पणाची मर्यादा

मालकीच्या या चौकटीला छेद देणारी आणखी एक परंपरा नॉर्डिक देशांत आहे. फिनिश भाषेत तिला ‘योकामिएहेन-ओइकेउस’ म्हणजे ‘प्रत्येकाचा हक्क’ असे म्हणतात. हा हक्क कोणत्याही एकाच कायद्यात संपूर्णपणे ग्रथित केलेला नाही. तो परंपरा आणि अनेक कायद्यांतील तरतुदी यांतून सिद्ध झाला आहे. त्यानुसार जमीन कोणाचीही असली तरी तिच्यावरून पायी जाणे, तात्पुरता तंबू ठोकणे, रानबेरी व अळंबी वेचणे, पाण्यात पोहणे आणि होडी वल्हवणे यांची मुभा प्रत्येकाला असते. परदेशी प्रवाशालाही हा हक्क मिळतो.

मात्र या हक्काला स्पष्ट मर्यादा आहेत. कोणाच्याही घराच्या अंगणात शिरता येत नाही, त्रास होईल असे वर्तन करता येत नाही, झाड तोडता येत नाही आणि जमीनमालकाच्या परवानगीविना उघड्यावर शेकोटी पेटवता येत नाही. वणव्याचा इशारा जारी असताना तर परवानगी असूनही जंगलात उघडा जाळ करता येत नाही.

यातून ‘खासगी बेट’ या शब्दांचा नेमका अर्थ उलगडतो. कुटी आणि तिच्या भोवतीचे अंगण यांना फिनिश कायद्यात ‘गृहशांती’चे संरक्षण आहे; ते संरक्षण भाडेकरूलाही मिळते. परंतु मोठ्या बेटाच्या दुसऱ्या टोकाला, कुटीपासून पुरेशा अंतरावर एखाद्या वाटसरूने होडी लावून थोडा विसावा घेतला, तर त्याला हटकता येत नाही. हे अंतर किती मीटर असावे हे कायदा सांगत नाही. ते जागेच्या स्वरूपावर आणि उभय पक्षांच्या सौजन्यावर सोडले आहे. ज्या हक्कामुळे तो वाटसरू आपल्या बेटावर उतरतो, त्याच हक्कामुळे आपणही शेजारच्या निर्जन बेटावर ब्ल्यूबेरी वेचू शकतो, याचे भान येथे ठेवणे आवश्यक ठरते.

६. मासेमारीच्या अधिकाराचे तीन स्तर

फिनलंडचा सध्याचा मासेमारी कायदा २०१५ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्यातील तरतुदींच्या आधारे पर्यटकाच्या दृष्टीने मासेमारीचे तीन स्तर करता येतात.

(अ) विनाशुल्क मासेमारी : साधी काठी, दोरी, गळ आणि नैसर्गिक आमिष यांच्या साह्याने, म्हणजेच रीळ आणि कृत्रिम आमिष न वापरता मासे धरणे हा प्रत्येकाच्या हक्काचा भाग आहे. हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावर छिद्र पाडून छोट्या काठीने केलेली मासेमारीही त्यातच येते. यासाठी कोणत्याही वयाच्या व्यक्तीला शुल्क द्यावे लागत नाही. कुटीच्या धक्क्यावर बसून गांडुळाच्या आमिषाने पर्च मासा धरणारे मूल हे या हक्काचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

(आ) शुल्काधारित मासेमारी : रीळ बसवलेली काठी आणि कृत्रिम आमिष वापरायचे असल्यास १८ ते ६९ वर्षे वयाच्या व्यक्तीला राज्याचे मत्स्यसंवर्धन शुल्क भरावे लागते. ते एक दिवस, सात दिवस किंवा संपूर्ण कॅलेंडर वर्षासाठी भरता येते. या शुल्कातून एका व्यक्तीला एका काठीने बहुतेक सरोवरांत मासेमारी करता येते. जमा झालेली रक्कम मत्स्यसंपदेची जोपासना, देखरेख, मार्गदर्शन आणि पाण्याच्या मालकांना द्यावयाची भरपाई यांसाठी वापरली जाते. पर्यटकाच्या खिशातून निघालेल्या पैशाचा काही अंश अशा रीतीने गावाच्या सामाईक संस्थेकडे पोहोचतो.

(इ) मालकाच्या परवानगीने मासेमारी : जाळी, पिंजरे, एकाहून अधिक काठ्या लावून चालत्या होडीमागे आमिष ओढणे आणि खेकड्याच्या कुळातील क्रेफिश पकडणे यांसाठी पाण्याच्या मालकाची स्वतंत्र परवानगी लागते. क्रेफिशचा हंगाम २१ जुलै रोजी दुपारी बारा वाजता सुरू होतो आणि ३१ ऑक्टोबरला संपतो.

पहिले दोन स्तर सर्वत्र लागू होत नाहीत. सॅमन व तत्सम स्थलांतरी मासे ज्या नद्यांतून वर चढतात, त्यांच्या प्रवाही पाण्यात केवळ प्रत्येकाच्या हक्कावर किंवा संवर्धन शुल्कावर मासेमारी करता येत नाही. यासंबंधीचे स्थानिक निर्बंध सरकारी नकाशा-सेवेवर पाहता येतात. बेटावर पाऊल ठेवण्यापूर्वी ते पाहून घेणे इष्ट ठरते.

सायमात पाइक, पर्च, झँडर आणि मुइक्कु हे मासे विपुल आढळतात. बोटभर लांबीचा, चंदेरी मुइक्कु राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळला जातो. तो या प्रदेशाचा खास पदार्थ होय. झँडरसाठी देशभर सर्वसाधारण किमान लांबी ४२ सेंटीमीटर ठरवली असून स्थानिक पातळीवर वेगळी मर्यादा असू शकते. पाइक हा शिकारी मासा असल्याने त्याच्या शरीरात पारा साठतो. म्हणून गर्भवती व स्तनदा मातांनी पाइक खाऊ नये, आणि मुलांनी व तरुणांनी तो महिन्यातून एक-दोनदाच खावा, असा तेथील अन्नविषयक शासकीय सल्ला आहे. स्वतः धरलेल्या माशाचे कौतुक करताना हा सल्ला विसरता कामा नये.

७. गळाला लागूनही आपला नसलेला मासा : यार्विलोही

हिमयुगानंतर भूभाग वर उचलला गेला आणि समुद्राशी असलेला संबंध तुटल्याने काही सॅमन सायमात अडकून पडले. त्यांच्या वंशजांनी समुद्राऐवजी सरोवरालाच समुद्र मानले. सरोवरात वाढायचे आणि अंडी घालण्यासाठी नदीत चढायचे, असे त्यांचे जीवनचक्र बनले. ‘यार्विलोही’ म्हणजे सरोवरातील सॅमन. त्याची मुख्य प्रजननस्थाने पिएलिसयोकी आणि कोइटायोकी या नद्यांत होती. विसाव्या शतकात याच नद्यांवर पामिलो (१९५५), काल्तिमो (१९५८) आणि कूर्ना (१९७१) येथे जलविद्युत प्रकल्प उभे राहिले आणि माशांचा वरचा मार्ग बंद झाला. तेव्हापासून हा मासा मुख्यतः मत्स्यबीज केंद्रांच्या आधाराने तग धरून आहे. एनोनकोस्की येथील केंद्रात त्याचे प्रजनन केले जाते आणि पिल्ले सरोवरात सोडली जातात. आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त वर्गात होते.

येथे सामान्य मासेमारी करणाऱ्याच्या डोळ्यांवर मोठी जबाबदारी येते. केंद्रातून सोडलेल्या माशांचा पाठीवरील, शेपटीजवळचा लहान मांसल पर कापलेला असतो. पर कापलेला आणि किमान ६० सेंटीमीटर लांबीचा मासा ठेवता येतो. पर शाबूत असलेला यार्विलोही वर्षभर संरक्षित असून तो तत्काळ पाण्यात सोडावा लागतो. हाच विचार ट्राउट माशालाही लागू होतो : ६४ उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेस शाबूत पर असलेला ट्राउट ठेवता येत नाही. फिनिश कायदा याबाबतीत इतका काटेकोर आहे की संरक्षित वा लहान आकाराचा मासा जिवंत असो की मेलेला, तो पाण्यात परतच करावा लागतो. ‘आता मेलाच आहे तर खाऊ या’ ही पळवाट तेथे बंद केली आहे. कारण ती उघडी ठेवली, तर प्रत्येक संरक्षित मासा ‘आपोआप’ मरू लागेल, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

एका आठवड्यासाठी आलेल्या भाडेकरूवर लक्ष ठेवायला त्या निर्जन पाण्यात बहुधा कोणी नसते. मत्स्य-निरीक्षक असतात, परंतु हजारो बेटांच्या आड ते सर्वत्र पोहोचू शकत नाहीत. पर शाबूत आहे की कापलेला, हे पाहण्याचे काम अंतिमतः होडीत बसलेल्या एकाच व्यक्तीला करावे लागते. एकांताचा हा नैतिक पैलू लक्षणीय आहे.

८. सायमाचा सील आणि जाळ्याचा प्रश्न

सरोवरात अडकून पडलेला दुसरा समुद्रजीव म्हणजे सायमा सील. गोड्या पाण्यात राहणाऱ्या जगातील मोजक्या सीलांपैकी हा एक असून तो अन्यत्र कोठेही आढळत नाही. एके काळी मासेमारांचा शत्रू मानून त्याला मारणाऱ्यास इनाम दिले जाई. १९५५ मध्ये त्याला कायदेशीर संरक्षण मिळाले. तरीही १९८० च्या दशकात त्याची संख्या दोनशेच्याही खाली गेली होती. दीर्घ प्रयत्नांनंतर आज ती सुमारे ५०० पर्यंत पोहोचली आहे.

मादी फेब्रुवारी-मार्चमध्ये किनाऱ्यालगत साचलेल्या हिमाच्या ढिगात गुहा करून पिल्लाला जन्म देते. वसंतात बर्फ वितळल्यावर ही अननुभवी पिल्ले पोहू लागतात आणि नायलॉनच्या जाळ्यात अडकून गुदमरतात. म्हणून सीलच्या मुख्य अधिवासात १५ एप्रिल ते ३० जून या काळात जाळ्याने मासेमारी करण्यावर बंदी असते. पिंजऱ्याच्या तोंडाच्या आकारावरही निर्बंध आहेत. येथे मासेमारीवर जगणारा स्थानिक मनुष्य, पिढ्यान्‌पिढ्या जाळे लावत आलेला कुटीधारक आणि सील यांच्या हितसंबंधांचा संघर्ष दिसून येतो. या बंदीला प्रारंभी विरोध झाला. अनेक ठिकाणी ओसाकासकुन्तांशी ऐच्छिक करार करून आणि त्यांना भरपाई देऊन ती अमलात आणली गेली. पाण्याचा मालक गाव असल्यामुळे गावाला विश्वासात घेतल्याशिवाय सीलला वाचवणे शक्य नव्हते, ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

हवामानबदलामुळे नवीन संकट उभे राहिले आहे. हिवाळ्यात पुरेसे हिम साचले नाही, तर सीलला गुहा करता येत नाही आणि पिल्ले उघड्यावर जन्मतात. २०१४ च्या हिवाळ्यापासून गरजेप्रमाणे स्वयंसेवक फावड्यांनी हिम ओढून किनाऱ्यावर कृत्रिम ढीग तयार करतात आणि सीलही त्यांचा स्वीकार करतात. उन्हाळी पर्यटकाने या कामात भाग घेणे अपेक्षित नाही. मे महिन्यात खडकावर कात टाकत पहुडलेल्या सीलजवळ छायाचित्रासाठी होडी नेऊ नये, इतकीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

९. सुरक्षितता : एकांताची दुसरी बाजू

साव्होनलिन्नाच्या परिसरात जूनअखेरीस दिवस १९ तासांहून अधिक मोठा असतो. या प्रकाशामुळे नवख्या माणसाला निर्धास्त वाटते. परंतु बेटावरील मदत ही नेहमी पाण्यापलीकडे असते. म्हणून पुढील बाबी ध्यानात ठेवणे हितावह आहे.

(१) होडीत जितकी माणसे तितकी तरंगजाकिटे असावीत आणि ती अंगावर असावीत. जूनमध्ये पाण्याचा वरचा थर उबदार भासला तरी खालचे पाणी अतिशय थंड असते.
(२) जलमार्गाचा नकाशा सोबत ठेवावा. हजारो बेटे दुरून सारखीच दिसतात; ‘सेल्का’वर वारा सुटल्यास बेटाच्या आडोशाने परतावे.
(३) आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. त्याच नावाने ओळखले जाणारे शासकीय मोबाईल ॲप वापरल्यास संपर्कासोबत आपले स्थानही कळते. बेटाला पत्त्यासारखा रस्ता नसल्याने ही सोय मोलाची ठरते.
(४) बर्फ होडीला वाट देत नाही आणि माणसाचा भारही पेलत नाही, अशा संधिकाळाला फिनिश भाषेत ‘केलिरिक्को’ म्हणतात. वसंत व शरद ऋतूंतील या काळात बेटाचा संपर्क तुटतो. त्यामुळे बेटावरील कुट्यांचा हंगाम मुख्यतः मे अखेर ते सप्टेंबर असा असतो.

१०. समारोप व निष्कर्ष

महाराष्ट्रात धरणांच्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात आणि त्याच जलाशयांच्या काठी आता पर्यटन-निवास उभे राहत आहेत. दोन्ही देशांचा इतिहास, हवामान आणि लोकसंख्या यांत इतके अंतर आहे की एकीकडची व्यवस्था उचलून दुसरीकडे बसवता येणार नाही. तरीही काठावरचा पाहुणा आणि पाण्यावर जगणारा मनुष्य यांच्यातील संबंध कोणत्या नियमांनी बांधावेत, हा प्रश्न उभयतांना समान आहे. उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ‘खासगी बेट’ भाड्याने घेणाऱ्याला प्रत्यक्षात कुटी, अंगण आणि तेथील शांतता यांचा तात्पुरता उपभोग मिळतो, पाणी व मासे यांवरील अधिकार त्यात समाविष्ट नसतात.
२) सायमाचे पाणी बव्हंशी गावांच्या सामाईक मालकीत राहिले, म्हणूनच त्याच्या वापरावर आणि संरक्षणावर सामूहिक निर्णय घेणे शक्य झाले.
३) साध्या गळाला मुभा, आधुनिक साधनाला शुल्क आणि जाळ्याला परवानगी अशी चढती रचना असल्याने गरीब-श्रीमंत, स्थानिक-परका या सर्वांना मासेमारीचा आनंद घेता येतो आणि मत्स्यसंपदेवरील भारही मर्यादित राहतो.
४) यार्विलोही आणि सायमा सील यांचे भवितव्य कायद्याइतकेच निर्जन पाण्यात एकट्या असलेल्या व्यक्तीच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे.

शनिवारी सकाळी भाडेकरू कुटी झाडतो, पुढच्या पाहुण्यासाठी लाकडे फोडून चुलीशेजारी रचून ठेवतो आणि किल्ली परत करतो. त्याचा बेटाशी असलेला संबंध तेथे संपतो. मात्र शाबूत पर पाहून त्याने पाण्यात सोडलेला मासा त्यानंतरही त्या सरोवरात पोहत असतो.